कडू असावं ते पानात

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक गृहस्थ रोज सकाळी काकडीच्या वेलाची पानं चावून थुंकायचे. शांती नगरात राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी हे पाहिलं आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या पावली परत फिरलो. खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "ककडीवाले अंकल हैं. दिमाग ठीक है उनका, बस थूकते हैं." नव्या जागेत शेजाऱ्यांबद्दल एवढी खात्री मिळाली तर माणसानं समाधान मानावं. मी मानलं. समाधान मानणं हा माझा जुना उद्योग आहे.

माझ्याबद्दल दोन शब्द आधीच सांगतो, कारण पुढे जे बिघडलं ते माझ्या स्वभावामुळे बिघडलं. मी अंधेरीला एका विमा कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम करायचो. 'होऊन जाईल', 'बघतो मी', 'तुमचं अगदी बरोबर आहे', या तीन वाक्यांवर मी पंधरा वर्षं नोकरी काढली. कुणाला तोंडावर वाईट सांगणं मला कधी जमलं नाही. माझा घटस्फोटसुद्धा गोडीगुलाबीत झाला. कोर्टातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी समोरच्या टपरीवर चहा घेतला, तेव्हा बायको म्हणाली की तू एकदा जरी कडकडून भांडला असतास तरी मी राहिले असते. तेव्हाही मी तिला म्हणालो, तुझं अगदी बरोबर आहे.

काकांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या चांगुलपणामुळेच. मे महिन्याचे दिवस होते. गच्चीवर अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपांत आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत वीस-बावीस वेल होते, आणि सगळ्यांनी उन्हानं माना टाकल्या होत्या. म्हातारबुवा आजारी पडले असावेत असं वाटून मी चार बादल्या पाणी वर नेलं आणि प्रत्येकाला पोटभर पाजलं. संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात काका, अंगात बाह्यांचा बनियन, कानावर पेन्सिल.

"पाणी कुणी घातलं?"

मी म्हणालो, मी घातलं, बिचारे सुकले होते, दया आली.

"दया आली," ते म्हणाले. "सा दिवस झाले मी त्यांना तहानेलं ठेवलंय, उद्या फळं चाखायची होती. आता तुमची दया आन् माझं एक वरीस पाण्यात. पुढच्या बारीला दया आली साहेब, तर ती खाली नळापाशी ठिऊन वर या."

आवाज चढलेला नव्हता. मी माफी मागू लागलो, ती त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि मग आत येऊन पाणी मागितलं. त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणत आणि त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला कधीच कळलं नाही.

काका मराठवाड्यातल्या एका शेती संशोधन केंद्रावर तीसेक वर्षं क्षेत्र सहायक होते. "मी शास्त्रज्ञ न्हाई," असं ते ओळख करून देतानाच सांगत. "शास्त्रज्ञ सावलीत बसतो. मी फुलांची लग्नं लावणारा." संध्याकाळी शेतातून फिरून, उद्या उमलतील अशा कळ्या हेरून त्यांची तोंडं बंद करायची, म्हणजे मधमाशीनं आगाऊपणा करू नये. सकाळी उजाडताच ठरलेल्या नरफुलाचा पराग ठरलेल्या मादीफुलाला लावायचा, पुन्हा तोंड बांधायचं, देठाला दोरा बांधून चिठ्ठी लटकवायची. असं त्यांनी हजारो फुलांचं केलं. त्यांच्या हातून निघालेलं एक वाण पुढे सरकारदरबारी मान्य झालं, त्याचा समारंभ झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. ते कात्रण काकांनी जपून ठेवलं होतं. फोटोत हारतुरे घातलेली मंडळी आहेत आणि डाव्या कडेला भाजीची टोपली धरलेला एक हात आहे, कोपरापर्यंत. "हा मी," ते सांगायचे. "घड्याळ बगा. हिनं घेतलेलं हाय."

ही म्हणजे काकू. काकू इथे भाईंदरला एका दवाखान्यात नर्स होत्या. लग्न झालं तेव्हा दोघांच्या नोकऱ्या दोन टोकांना आणि दोघांनाही सोडवत नव्हत्या. सुट्ट्यांना येणंजाणं, बाकी फोन. मूलबाळ झालं नाही. काका निवृत्त झाल्यावर बाडबिस्तरा घेऊन काकूंच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा तिथे त्यांच्यासाठी खुंटीसुद्धा नव्हती. "आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली आन् संसाराला चार," असं ते हिशेब मांडून सांगायचे. काकू मान खाली घालून हसायच्या. त्या फार कमी बोलायच्या, आणि मला वाटतं दोघांचं जमायचं ते त्यामुळेच, कारण काका दोघांच्या वाटणीचं बोलायचे.

काकू त्यांच्यावर एकाच गोष्टीसाठी चिडायच्या. काकांनी फुलांची तोंडं बांधायला काकूंच्या केसांच्या काळ्या पिना पळवल्या होत्या. काकडीचं पिवळं फूल मिटून त्यावर पीन लावली की काम पक्कं. काकू देवळात जायला निघाल्या की पीन सापडायची नाही, मग त्या गच्चीवर जाऊन एखाद्या फुलाची काढून आणायच्या, आणि काका म्हणायचे, "झालं. एक लग्न मोडलंस."

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. काकांना कुणीतरी जुन्या केंद्रावरून फोनवर सांगितलं होतं की काकडीच्या कडवटपणाचं कोडं शास्त्रज्ञांनी उलगडलं आहे. कडू द्रव्य तेच, पण ते पानात तयार करणारं बटण वेगळं आणि फळात तयार करणारं बटण वेगळं. काका हे मला सांगताना उभे राहिले होते. गावठी काकडीचं पान कडू असतं, म्हणून कोळी नावाची बारीक कीड त्याच्या वाटेला जात नाही. झाड आपलं रक्षण आपण करतं, औषध मारावं लागत नाही. पण तीच काकडी उन्हातान्हात पाण्यावाचून राहिली की फळही कडू होतं. म्हणून बाजाराला चालेल अशी काही वाणं करताना माणसानं कडवटपणा मुळापासून काढून टाकला. फळ गोड झालं, पानही गोड झालं, आणि कोळ्यांची चंगळ झाली.

"कडू असावं," काका म्हणायचे, "पण पानात असावं. फळात उतरू नये."

त्यांना एवढंच करायचं होतं. एका बाजूला काकूंच्या माहेरची गावठी काकडी, दुसऱ्या बाजूला बाजारातली गोड. दोघींचं लग्न लावून, नातवंडांतून आणि पतवंडांतून एक वेल शोधायचा, ज्याचं पान कडू आणि फळ तहानेतही गोड. पाणी तोडायचं ते यासाठी. लाडात वाढलेली काकडी गोडच असती, असं ते म्हणत, तहानेत गोड राहिली तर ती खरी. आणि हे सगळं ओळखायचं यंत्र एकच, त्यांची जीभ. पान चावायचं, थुंकायचं, कोरड्या भाकरीचा तुकडा खायचा, पुढचं पान. देठाकडचं फळ चाखायचं, थुंकायचं, भाकरी. मग रजिस्टरमध्ये वेलाचा नंबर, पान, फळ आणि चाखणारा असे चार रकाने भरायचे. चाखणाऱ्याच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द असायचा, 'स्वतः'.

एकदा सोसायटीच्या गणपतीला कोशिंबिरीसाठी खाली पंधरा-वीस जण काकड्या चिरायला बसलो होतो. प्रत्येक जण काकडीचं टोक कापून, त्याच टोकानं गोल गोल घासून पांढरा फेस काढत होता, जसं आपल्या आईनं शिकवलं तसं. काका तिथे आले आणि थबकले. म्हणाले, घासून कडू जात नाही, देठाकडचा कडू भाग कापला म्हणून बाकीची गोड लागते, घासणं हे तुमच्या मनाचं समाधान. सगळे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा घासू लागले. फक्त आमचे सेक्रेटरी म्हणाले, "ककडी में पानी ज्यादा है. कोशिंबीर पतली होगी."

या सेक्रेटरींबद्दल सांगायला हवं. स्टेशनजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. या माणसाच्या तोंडून आजवर कुणी 'छान' ऐकलेलं नाही. प्रसादाच्या शिऱ्यात साखर जास्त, लिफ्टमध्ये उजेड कमी, नव्या रंगात पिवळेपणा. त्यांचं आणि काकांचं गच्चीवरून हाडवैर होतं. पिंपांमुळे स्लॅब गळतो असं सेक्रेटरींचं म्हणणं, आणि स्लॅब मुळातच गळका आहे असं काकांचं. नोटिसा यायच्या, काका त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बियांच्या याद्या लिहायचे. पण एकदा मी सेक्रेटरींबद्दल काही बोललो तर काकांनी मला गप्प केलं. म्हणाले, त्यो माणूस खोटं बोलत न्हाई, तुमच्या पानात मात्र कडू औषधाला न्हाई साहेब, तुम्हाला कोळी खाऊन टाकतील. मी हसलो. माझं अगदी बरोबर वर्णन होतं ते.

पण कडूपणाचीही एक गंमत त्यांनी मला दाखवली होती. एका सकाळी पानावर एक लालसर भुंगेरा मजेत पान कुरतडत बसला होता. मी म्हणालो, काका, तुमचं कडू याला लागत नाही वाटतं. काका म्हणाले की याला तेच आवडतं, कडू असेल तिथेच हा हुडकत येतो. मग भुंगेरा चिमटीत धरून गच्चीच्या कठड्यावर ठेवला, मारला नाही. काकू पापड वाळत घालत होत्या, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "किती बी कडू असू द्या, आवडीनं खाणारं एक तरी भेटतंच. मला बी भेटलं." काकूंनी पापडाचं पीठ लागलेला हात त्यांच्या दिशेनं नुसता उगारला.

मग ती साथ आली. दोघांनाही एकाच आठवड्यात ताप भरला. काका घरी परत आले, काकू आल्या नाहीत. शेवटचं दर्शनसुद्धा त्यांना मिळालं नाही. या दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. प्रत्येकाच्या घरात त्यातलं काहीतरी आहे.

मी रोज संध्याकाळी त्यांना जेवण नेऊन द्यायचो. एके दिवशी माझ्या हातून खिचडीत मीठ दोनदा पडलं आणि ते मला माझ्या घरी परत येऊन पहिला घास घेतल्यावर कळलं. धावत त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलेलं. मी विचारलं, खारट नाही लागली? ते म्हणाले, चांगली होती की. मग त्यांनी मला हाताला धरून बाल्कनीत नेलं. तिथे कुंडीत कडुलिंबाचं रोप होतं, त्याची निम्मी पानं ओरबाडलेली होती. रोज सकाळी उठून ते एक पान चावून बघत होते.

"जीभ गेली, साहेब," ते म्हणाले. "तिच्यासंगं गेली. कुणाला सांगू नका."

ताप उतरल्यावर बऱ्याच जणांची चव काही आठवड्यांत परत आली. काकांची आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. वर्ष झालं. ज्याचं आयुष्यभराचं काम जिभेवर उभं होतं, त्याच्या तोंडात भाकरी आणि कागद यांत फरक उरला नव्हता. रात्रंदिवस टीव्ही लावून बसतील आणि संपतील असं मला वाटलं होतं. पण दिवाळीनंतर ते पुन्हा गच्चीवर गेले, माती उकरली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, आता तुमची जीभ लागेल.

मी त्यांना म्हणालो, दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, दुसरं कोण हाय. हे खरं होतं. मग माझं शिक्षण सुरू झालं. कारल्याचं पाणी पातळ करून पाच पेल्यांत ठेवायचे आणि कडूपणाचा क्रम लावायला सांगायचे. मी चाखत असताना ते माझ्या भुवयांकडे बघायचे. जीभ माझी होती, पण तिची सवय लावली त्यांनी. पहिल्या आठवड्यात मी सगळ्याला 'थोडंसं कडू' म्हणत होतो. थोडंसं म्हणजे काय, ते विचारायचे, पाहुण्यांच्या घरी हाव का आपुन? तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी पान थुंकून सरळ 'कडू' म्हणायला शिकलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्याच्या तोंडावर कडू म्हणत होतो आणि तो माणूस खूश होत होता. रजिस्टरमध्ये चाखणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव येऊ लागलं.

आणि मग मी ते केलं.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली, तो दिवस होता. सकाळी काका पांढरा सदरा घालून गच्चीवर आले. त्या हंगामात कडू पानाचे नऊ वेल मिळाले होते. आठांची फळं मी आधीच कडू ठरवली होती. नववा उरला होता, त्याच्या एका फुलावर काकूंची शेवटची पीन होती, बाकीच्या गंजून गेल्या होत्या. काकांनी फळ कापून माझ्या हातात दिलं आणि कठड्याला टेकून उभे राहिले. फळ कडू होतं. जहर नाही, पण कडू होतं, जिभेच्या मुळाशी कितीतरी वेळ राहणारं. मी त्यांच्याकडे बघितलं. भुवया सांभाळायला मी तोवर शिकलो होतो. मी म्हणालो, "गोड आहे."

काका खाली बसले. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मी किती चांगलं काम केलं असं तेव्हा मला वाटत होतं, हे मी लपवत नाही. त्यांनी पीन लावलेल्या फळाचं बी पिकवून, राखेत घोळून, काकूंच्या नावाच्या पाकिटात भरलं.

पुढच्या हंगामात ते बी पेरलं. आठ वेल आले. आता तरी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून एकेक फळ चाखून जे होतं ते सांगत गेलो. कडू. कडू. हाही कडू. आठच्या आठ. काका एकेक नोंद करत गेले आणि शेवटच्या नोंदीनंतर पेन्सिल कानावर ठेवून पिंपाच्या काठावर बसले.

"गोडपणा हा दबून राहणारा गुण हाय साहेब," ते म्हणाले. "त्यो वर दिसला म्हंजे आईकडून बी आलाय आन् बापाकडून बी. मग आत कडू लपायला जागाच न्हाई ऱ्हात. गोड वेल आपल्या आपल्यात फळवला, तर त्याची लेकरं सगळी गोडच. एक बी कडू निघायला नको. इथं आठच्या आठ."

त्यांना पुढे काही विचारायची गरज नव्हती, वेलांनीच माझी चुगली केली होती. मी रडकुंडीला येऊन सगळं कबूल केलं. त्या दिवशी तुमच्याकडे बघून राहवलं नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "पुन्यांदा दया वर आणलीत." एवढंच. मी म्हणालो, दुसरा माणूस शोधू. ते म्हणाले, आता शिकलेली जीभ टाकून कुठं देता. सत्तरीला आलेल्या माणसाचे दोन हंगाम मी वाया घालवले होते. ते मागच्या पिढीचं बी काढून पुन्हा मागून सुरुवात करायला बसले, आणि त्यांच्या पाठीकडे बघताना मला माझी स्वतःची किळस आली.

त्यानंतर मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोललो नाही. पण मी काही म्हणालो की ते माझ्याकडे किंचित जास्त वेळ बघायचे. ती नजर रागाची नव्हती, राग असता तर बरं झालं असतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी होळीच्या सुमारास त्यांचं पोट दुखू लागलं. तपासण्या झाल्या. जे निघालं ते फार पुढे गेलेलं होतं. त्यांना भाईंदरच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. गच्चीवर तेव्हा सहा वेल होते, त्यांतल्या दोघांचं पान कडू होतं. मी रोज सकाळी फोन कानाला लावून वर जायचो आणि ते अंथरुणावरून सांगायचे. कुठली कळी उद्या उमलेल, नरफूल कसं उलटं करायचं, पीन कशी लावायची. पिनांचं नवं पाकीट मी शांती नगरच्या बाजारातून आणलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही. दोघांतला एक वेल मर रोगानं गेला. एक राहिला. त्याला दोन फळं होती, एक चाखायला, एक बियाला. मे महिन्यात त्यांनी पाणी तोडायला सांगितलं. मी तोडलं. वेलानं मान टाकली, मी गच्चीवर जाऊन त्याच्याकडे बघत उभा राहिलो आणि बादलीला हात लावला नाही. सहा दिवस.

सातव्या दिवशी फळ डब्यात घालून हॉस्पिटलात गेलो. काका फार वाळले होते. उशाशी रजिस्टर होतं. वॉर्डातल्या मावशींकडून चाकू मागून घेतला आणि त्यांच्यासमोर देठाकडून फोड कापली. त्यांनी मान वळवून माझ्या भुवयांकडे नजर लावली.

मी ती चावली. थांबलो. पुन्हा एक फोड घेतली, सालीसकट. कुठेही कडू नव्हतं. सहा दिवस तहानेला ठेवलेल्या, पानापानात कडू असलेल्या वेलाचं फळ स्वच्छ गोड होतं. माझे डोळे भरून आले, आणि तिथेच घात झाला.

"गोड आहे, काका," मी म्हणालो.

ते हसले. माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला. "तुम्ही गोडच म्हणणार," ते म्हणाले.

मी शपथा घेतल्या. त्या दिवशीचं खोटं वेगळं, आज खरं सांगतोय, असं दहा वेळा सांगितलं. सांगताना माझा आवाज खोटं बोलणाऱ्यासारखाच कापत होता, ते मला ऐकू येत होतं. मावशींना बोलावून फोड दिली. त्यांनी खाल्ली आणि म्हणाल्या, "मीठी है बाबा. अच्छी है." काकांनी त्यांना हात जोडले आणि मला हळूच म्हणाले, "यांना बी शिकवून आणलंत व्हय." मी उरलेली काकडी डब्यात ठेवली. त्यांनी रजिस्टर उघडून, पेन्सिल जेमतेम धरून एक ओळ लिहिली आणि मिटलं. मग म्हणाले, वेल उपटून टाका, उगी जागा अडती, सेक्रेटरी तुम्हाला बोलंल.

चार दिवसांनी ते गेले. पुतण्या गावाहून आला होता. सामान आवरताना त्यानं रजिस्टर माझ्या हातात दिलं, म्हणाला, हे तुमचं असंल. मी ते घरी आणून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. उघडलं नाही.

वेल मात्र मी उपटला नाही. आयुष्यात त्यांचं हे एकच सांगणं मी मोडलं. दुसरं फळ पिवळं पडून फुटायला आलं तेव्हा बी काढलं, राखेत घोळलं, जपलं. यंदा होळीला माझ्या बाल्कनीत ते पेरलं. सहा रोपं आली. मे महिन्यात सहा दिवस पाणी तोडलं. सातव्या दिवशी कडू पानांच्या वेलांची चार फळं चाखली. चारही गोड. मी भिंतीला टेकून बसलो. काकांचं गणित मला पाठ होतं. गोड वेलाची लेकरं सगळी गोडच. म्हणजे त्या दिवशी हॉस्पिटलात मी खरं बोललो होतो, याची साक्ष आता वेलांनी दिली होती.

मग एक काकडी घेऊन खाली सेक्रेटरींच्या घरी गेलो. का गेलो, ते तेव्हा नीट कळत नव्हतं. ते जेवायला बसले होते. मी म्हणालो, चाखून बघा आणि खरं सांगा. त्यांनी देठाकडची फोड चावली, दोनदा, तीनदा.

"छिलका मोटा है," ते म्हणाले. "कडवी नहीं है. मीठी है."

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी हॉस्पिटलात मी कुणाला न्यायला हवं होतं. आमच्या बिल्डिंगपासून शेअर रिक्षानं वीस मिनिटांच्या अंतरावर काका पडून होते, आणि ज्याच्या शब्दावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता तो माणूस त्या दुपारी खालच्या मजल्यावर घरीच होता. मला तो सुचला नाही. मी मायाळू मावशींना बोलावलं.

वर जाऊन रजिस्टर काढलं, धूळ पुसली आणि पहिल्यांदा उघडलं. शेवटच्या भरलेल्या पानावर ती ओळ होती. अक्षर वेडंवाकडं झालं होतं, पण लागत होतं. पान: कडू. फळ: कडू. आणि चाखणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, माणूस भला.

मी रजिस्टर घेऊन पुन्हा खाली गेलो. सेक्रेटरी हात धुऊन बसले होते. त्यांच्यापुढे पान उघडून ठेवलं, पेन दिलं आणि खालच्या कोऱ्या ओळीवर फळाच्या रकान्यात बोट ठेवून म्हणालो, इथे तुम्ही लिहा, तुम्हाला जशी लागली तशी. त्यांनी चष्मा लावला. वरची ओळ त्यांना वाचता आली की नाही, मला माहीत नाही. त्यांनी आपल्या अक्षरात 'मीठी' लिहिलं, पुढच्या रकान्यात सही केली, खाली तारीख घातली. मग पेन परत देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"किसको दिखाना है?"

मी रजिस्टर मिटलं आणि काकडी त्यांच्या टेबलावर तशीच राहू दिली.